आखो वाढू का?

आमच्या जळगावात कोचिंग म्हटलं की लोक विचारतात, दहावीचं की नीटचं? मी म्हणते, मालकांचं. मग समोरचा माझ्याकडे जरा संशयानं बघतो. मालकांना काय शिकवायचं असतं, असा चेहरा. शेजारच्या काकूंनी तर एकदा नातीला गणितासाठी माझ्याकडे पाठवून दिलं होतं, वही-पेन्सिलीसकट.

काम तसं सांगायला सोपं आहे. पाइपच्या कारखान्यात मी नोकरीची सगळी वर्षं माणसांचंच खातं सांभाळलं. रिटायर झाल्यावर ओळखीचे कारखानदार बोलवायला लागले. महिन्यातून एकदोनदा जायचं, मालकासमोर बसायचं आणि घरचे, नोकर, पाहुणे जे त्याला तोंडावर सांगणार नाहीत ते सांगायचं. माझी जीभ मुळातच तिखट, त्यामुळे वेगळी तयारी करावी लागत नाही. नवरा म्हणायचा, घरी फुकट करतेस तेच बाहेर करतेस.

तो माझ्याकडे आला तो तक्रार घेऊन. धुळ्याच्या पुढे, शिरपूरच्या रस्त्याला त्याची कापसाची जिनिंग मिल. मारवाडी घर, पण तीन पिढ्या इथेच मुरलेलं. वडिलांना, म्हणजे मोठ्या शेठना, जाऊन वर्ष झालं होतं आणि सगळा कारभार याच्या अंगावर पडला होता. पुण्याला शिकलेला, पस्तिशीतला, सरळ मनाचा माणूस. माझ्या ओसरीवर बसला, चहाला हात लावला नाही, आणि म्हणाला, ‘‘ताई, माझ्या मिलमध्ये कापसाची गंज आतून पेटली. लोकांनी ती फोडली, विझवली, जळका कापूस नेऊन पुरला. मला कधी कळलं? पुढच्या आठवड्यात, भिंतीवरचा काळा डाग बघून. मला का नाही सांगितलं?’’

शेवटचं वाक्य तो दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा माझ्याकडे न बघता.

गंज म्हणजे कापसाचा घराएवढा ढीग. त्यात ओला कापूस दाबला गेला तर तो आतल्या आत तापतो. वरून पांढराशुभ्र, गार, आणि पोटात निखारा. काही दिसत नाही, वासही उशिरा येतो, आणि एकदा वाऱ्यावर आला की थांबत नाही. त्याच्या मिलच्या गंजींना लागूनच कामगारांच्या खोल्या होत्या. पोरंबाळं तिथेच झोपायची. तेव्हा ‘मला सांगत नाहीत’ हा त्याचा काही मानापमानाचा रुसवा नव्हता. सांगणारं कोणी नसेल तर एक दिवस माणसं जळतील, हे त्याला पुरतं कळत होतं. नेता कोणाला म्हणायचं, असं मला कार्यक्रमांत विचारतात. मी म्हणते, वाईट बातमी ज्याच्याकडे सगळ्यात आधी येते त्याला. बाकीचे नुसते खुर्चीवाले.

मी त्याला विचारलं, तुमच्या वडिलांना कसं कळायचं?

तो हसला. ‘‘भरतात,’’ म्हणाला.

आपल्याकडे थंडीत भरताच्या पार्ट्या कोण करत नाही? शेतात जायचं, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, कळण्याच्या भाकरीबरोबर हाणायची. पण मोठ्या शेठची तऱ्हा वेगळी होती. ऐन हंगामात एका संध्याकाळी मिल बंद ठेवून मागच्या आवारात सगळ्यांची पंगत बसवायची. वाढायला शेठ स्वतः. एका हातात बादली, एका हातात ओगराळं. प्रत्येकापुढे थांबायचं, भरीत वाढायचं, आणि तेवढ्यात त्या माणसानं मनात असेल ते बोलायचं. काहीही. मशीनबद्दल, मुकादमाबद्दल, खुद्द शेठबद्दल. आजूबाजूच्यांनी आपापल्या ताटात बघायचं. आणि शेठनं उत्तर द्यायचं नाही. ना हो, ना नाही, ना बघतो. फक्त एवढंच विचारायचं, ‘‘आखो वाढू का?’’ आखो म्हणजे आणखी. अजून काही असेल तर माणूस ताट पुढे करायचा आणि बोलायचा. संपलं असेल तर ताटावर हात आडवा. तिथलं बोलणं तिथेच. त्यावरून पुढे कोणाला कधी बोल लावला नाही, आणि कोणाला शाबासकीही दिली नाही. नंतर हळूहळू, कुठून कोणास ठाऊक, गोष्टी आपसूक सुधारायच्या.

मला तर ऐकूनच आनंद झाला. म्हटलं, ‘‘अहो भाऊ, मला कशाला पैसे देता? हे सुरू करा की पुन्हा.’’ वडिलांच्या आजारपणापासून ते बंदच पडलं होतं.

त्यानं ते सुरू केलं आणि मलाही जेवायला बोलावलं. त्याच सुमारास त्यानं ती खिशातली बाईही सुरू केली होती.

खिशातली बाई हे माझं नाव. तो तिला ‘कोच’ म्हणायचा, त्यामुळे मला आणखीच झोंबायचं. पुण्यातल्या मित्रांनी त्याला फोनमध्ये घालून दिलेलं एआयचं ॲप. बाईचा आवाज, गोड मराठी, कधी चिडायची नाही, कधी दमायची नाही. दिवसभर खिशात बसून त्याचं बोलणं ऐकायची आणि संध्याकाळी त्याला सांगायची की आज मीटिंगमध्ये बहुतेक वेळ तुम्हीच बोललात. अहो, हेच मी त्याला सहा वेळा सांगितलं होतं! माझं ऐकून ‘‘हो ताई, बघू’’ म्हणायचा आणि तिचं ऐकून लगेच सुधारला. मला राग आला होता. सवत आल्यासारखं वाटलं होतं, का खोटं बोलू? पण तिचं चुकतही नव्हतं, आणि तो खरंच कमी बोलायला लागला होता. म्हटलं, जाऊ दे बाई, माणसाला फायदा होतोय ना.

पहिलं भरीत अजून डोळ्यांपुढे आहे. थंडी अशी की बोटं वाकेनात. काड्यांचा धूर, हिरव्या मिरचीचा ठसका, कांद्याच्या पातीचा वास. तो बादली घेऊन निघाला. पहिली पाचसहा माणसं काही बोललीच नाहीत, नुसती लाजली. मग एक म्हातारा फिटर काहीतरी पुटपुटला. यानं विचारलं, ‘‘आखो वाढू का?’’ उच्चार पार पुणेरी, त्यामुळे बाया खुसखुसल्या, आणि त्या हसण्यानंच गाठ सुटली. मग जो तो बोलायला लागला.

माझ्या शेजारी अक्का बसली होती. पट्ट्यावरून वाहत्या कापसातला कचरा वेचणाऱ्या बायांची ती म्होरकी. शिरपूरकडच्या खेड्यातली, मोठ्या शेठच्या काळापासूनची. दोन वर्षांपासून नात तिच्याजवळ मिलच्या खोलीत राहायची. तिच्यापुढे तो थांबला. तिनं आधी पंगतीच्या पार टोकाला बसलेल्या मुकादमाकडे बघितलं. कापसाच्या गाड्या उतरवून घेणारा, माणसं कामावर लावणारा तोच. मग हळू आवाजात म्हणाली, ‘‘मुकादम ओला कापूस गंजीमा दाबस, शेठ. वर कोरडा टाकस. मांगनी गंज तेन्हामुयेच पेटनी.’’

मी ताटात बघत होते, पण कान काही मला मिटता आले नाहीत. ओळखीच्यांच्या गाड्या परत पाठवायला नकोत म्हणून तो ओला माल पोटात दाबून वर कोरडा पसरत होता. मागची आग त्यामुळेच लागली होती. ज्या प्रश्नासाठी हा माणूस माझ्या ओसरीवर आला होता त्याचं उत्तर एका ओगराळ्याच्या अंतरावर आलं होतं.

त्यानं काय करावं? त्यानं बरोबर तेच केलं. गिळलं आणि विचारलं, ‘‘आखो वाढू का, अक्का?’’

अक्कानं ताट पुढे केलं नाही, पण हसली. मला म्हणाली, ‘‘बाप दिसना.’’ बाप दिसला म्हणे त्याच्यात. परतीच्या वाटेवर पारोळ्यापर्यंत मी गाडीत एकटीच हसत होते. वाटलं, जमलं बाई. आयुष्यात एक तरी काम पुरतं जमलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला, आनंदानं फुटायला आलेला. ‘‘ताई, मी सगळ्यांना उत्तर दिलं!’’

मी म्हटलं, ‘‘कसलं उत्तर?’’

फोन रात्रभर त्याच्या खिशात होता. चोरून नव्हे हो, त्याच्या डोक्यातही आलं नाही. ती नेहमीच खिशात असायची. ऐकण्याचा सराव म्हणून तिला त्यानं भरतातही चालू ठेवलं होतं. तिनं आधी त्याचं कौतुक केलं की तुम्ही फार सुंदर गप्प बसलात. मग म्हणाली, एवढ्या विश्वासानं बोललेल्या माणसांना उत्तर मिळालं नाही तर ती दुखावतील. प्रत्येकाला स्वतंत्र, त्याच्या भाषेत, तुमच्या आवाजात निरोप पाठवू या का? याला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. कुठल्याही पुस्तकात तेच लिहिलेलं असतं, लोकांना प्रतिसाद द्या. आणि सकाळी मिलमधल्या सगळ्या फोनांवर शेठचा आवाज गेला, अस्सल अहिराणीत. ज्याला ‘आखो’ धड म्हणता येत नव्हतं त्याच्या तोंडी गावातल्या म्हाताऱ्यासारखी घरंदाज अहिराणी. आणि प्रत्येकाला त्याचंच कालचं वाक्य, शब्दाला शब्द, परत.

मी म्हटलं, ‘‘भाऊ, अक्काला काय पाठवलंत?’’

त्यानं ऐकवलं. ‘‘अक्का, मुकादम ओला कापूस दाबस, हाई तुम्हनं म्हननं मन्हा ध्यानमा शे. तुम्ही बोलन्यात, माले अभिमान वाटना.’’

‘‘कुठल्या नंबरवर?’’

अक्काकडे फोन नाही. मिलमधल्या कितीतरी बायांकडे नाही. कामावर लागताना नंबर द्यावाच लागतो, म्हणून त्या मुकादमाचा देतात. सगळीकडे असंच चालतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. त्या बयेला तेवढं माहीत नव्हतं. अक्कानं मुकादमाविरुद्ध केलेली तक्रार, शेठच्या आवाजात, आभारांसकट, मुकादमाच्या हातात जाऊन पडली होती.

मी त्याच्यावर ओरडले. शब्द आठवत नाहीत, पण आमच्या समोरच्या गॅलरीतले लोक बाहेर आले होते. तो कळवळला. लगेच मिलवर गेला, मुकादमाला समोर बसवलं. खिशातली म्हणाली होती, दोन्ही बाजू ऐका. मुकादमानं हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं, गंजी उघडून दाखवल्या. त्या दिवशी त्या कोरड्याच होत्या. सकाळपासून त्याला निरोप माहीतच होता ना!

मुकादमानं अक्काला शिवी दिली नाही, कामावरून काढलं नाही. तो निरोप तेवढा फोनवर तिला ऐकवला. रोज सकाळी पट्ट्यापाशी येऊन सगळ्या बायांसमोर तो एवढंच म्हणायचा, ‘‘अक्का, तुम्हनं म्हननं ध्यानमा शे बरं.’’ आणि हसायचा. एवढंच.

पुढच्या खेपेला मी गेले ती थेट अक्काकडे. हातपंपापाशी भांडी घासत होती. म्हटलं, अक्का, शेठ वाईट नाहीत, फसले. तुम्ही एकदा स्वतः जाऊन बोला. तिनं राखेचा हात तसाच ठेवून माझ्या पर्सकडे बघितलं. माझा फोन तिथे होता. मी तो लांब कट्ट्यावर ठेवून आले तेव्हा कुठे तिनं तोंड उघडलं.

‘‘आवाज शेठनाच व्हता,’’ म्हणाली, ‘‘पन बोलनारा दुसरा कोनी शे. कोनता शेठले सांगू, ताई? हाऊ, की तो खिसामधला?’’

लोकांना बोलकं करण्याचे पैसे घेणारी मी, आणि हातपंपापाशी मुकी उभी.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट पाहिली. जिनिंगमध्ये मशीनांचा आवाज इतका की शेजारच्याचं ऐकू येत नाही. त्यामुळे बायांची हातांची एक भाषा असते. दोन बोटं हलवली की पाणी, मनगट फिरवलं की पट्टा थांबव. अक्कानं मला हसत हसत पाच-दहा खुणा शिकवल्याही होत्या. कपाळाला पालथा हात लावला की गरम, म्हणजे मशीन तापलंय, जपून. तर त्या दुपारी जेवणाची सुट्टी झाली, मशीनं थांबली, सगळीकडे शांत झालं. बाया झाडाखाली डबे उघडून बसल्या होत्या. आणि त्या शांततेत त्या हातांनीच बोलत होत्या. एकही आवाज नाही. नुसती बोटं, मनगटं, भुवया. कोणी हसलं तरी पदर तोंडात कोंबून. थोड्या अंतरावर शेठ ऑफिसच्या पायरीवर उभा होता आणि कौतुकानं मला म्हणाला, ‘‘ताई, बघा, किती शांत आहेत आता लोक.’’

मी त्याला तिथेच सांगितलं, ‘‘भाऊ, हे शांत नाहीत, हे मिटलेत. तुमच्याकडे आता काहीही यायचं नाही. खिशातली ती आधी बंद करा, आणि सगळ्यांसमोर उभं राहून सांगा, मोडक्या अहिराणीत का होईना, की चुकलं.’’

त्यानं मला फोन दाखवला. लोकांच्या मनाचा म्हणे आलेख असतो तिथे. तक्रारी शून्य. विश्वास वाढलेला. सगळं हिरवंगार. ‘‘तुम्हाला ती आवडत नाही, हे मला समजतं, ताई,’’ तो मायेनं म्हणाला. मायेनं म्हणाला म्हणून जास्त लागलं. ते वाक्यही तिचंच होतं. असा तो कधी बोलायचा नाही. त्याचं आपलं ‘‘हो ताई, बघू’’ असायचं, आणि त्यात तरी तो स्वतः असायचा.

पुढच्या दिवाळीच्या आसपास मला निरोप आला. ‘आपल्या सहवासातून मिळालेली दृष्टी माझ्या वाटचालीत कायम सोबत राहील, आता पुढचा प्रवास मी स्वतः करू इच्छितो.’ एकही शुद्धलेखनाची चूक नाही. हा माणूस मला वाढदिवसाला ‘हॅपी बड्डे ताई’ एवढंच लिहायचा. काढलं म्हणून वाईट वाटलंच, पण काढलं कोणी हेही कळेना, याचं जास्त वाईट वाटलं. दूध गॅसवर होतं, ते उतू जाऊन गॅस विझला तरी मी फोनच बघत होते.

तरी भरताचं आमंत्रण आलं. ते मात्र त्यानं स्वतः फोन करून दिलं. ‘‘ताई, याच. तुम्हीच सुरू करून दिलंय.’’ त्या वर्षी कापूस वेचणीलाच पाऊस झाला होता. चाळीसगाव, पाचोरा, आमच्याकडे, सगळीकडे ओला माल. मला जायचं नव्हतं. पण त्या गंजी आणि त्यांना लागूनच्या खोल्या डोळ्यांसमोरून हलेनात.

पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. पहिली गोष्ट जाणवली ती ही की खोल्यांच्या पुढे एकही मूल नव्हतं. मागच्या वर्षी पायात पायात पोरं होती. अक्काची नात कुठेय विचारलं तर अक्का म्हणाली, गावाले. दुसरीला विचारलं, तिचीही गावाला. सगळ्यांचीच गावाला, शाळेचे दिवस असून. मी म्हटलं, अशी सगळी एकदम कशी गेली? ती बाई ताट पुसत राहिली.

दुसरी गोष्ट, पंगत. मागच्या वर्षी वारा लागू नये म्हणून गंजींच्या आडोशाला बसलो होतो. या खेपेला सतरंज्या पार कुंपणापाशी, उघड्या वाऱ्यात. शेठ म्हणाला, इतक्या थंडीत इथे कशाला? कोणीतरी म्हणालं, मोकळं वाटतं. तो हसला आणि बादली उचलली. वरच्या खिशातून फोनची कड दिसत होती.

पहिला माणूस. भरीत वाढलं. ‘‘बठ्ठं चांगलं शे, शेठ.’’ सगळं चांगलं आहे म्हणे. दुसरा. ‘‘बठ्ठं चांगलं शे.’’ मागच्या वर्षीचा तो म्हातारा फिटर. ‘‘बठ्ठं चांगलं शे.’’ आवाजात ना राग, ना भीती. शाळेत हजेरी देतात तसे. आणि ‘‘आखो वाढू का?’’ म्हटलं की लगेच ताटावर हात आडवा. एकानंही दुसऱ्यांदा भरीत घेतलं नाही. अहो, खान्देशात, थंडीत, ताज्या भरताला कोणी नाही म्हणतं का? बादली भरलेलीच पुढे सरकत होती आणि त्याचा चेहरा खुलत चालला होता.

अक्का आज माझ्या समोरच्या ओळीत होती, आणि तिच्या शेजारी मुकादम मांडी ठोकून बसलेला. मी तिच्याकडे बघितलं. तिनं डोळे उचलले. मग डोक्यावरचा पदर सारखा करावा तसा हात वर नेला आणि पालथा हात कपाळावर टेकवला. तसाच ठेवला. आणि नजर माझ्या खांद्यावरून मागे नेली, मधल्या गंजीवर.

मी उठले. त्याला बाजूला घेतलं, म्हटलं, ‘‘भाऊ, ती मधली गंज आतून तापलीय. आत्ताच्या आत्ता बघा.’’

‘‘कोणी सांगितलं?’’

काय सांगू? मी मुकादमाकडे बघितलं, शेठच्या खिशातल्या फोनकडे बघितलं. म्हटलं, ‘‘मला वाटतंय.’’

त्याला माझी दया आली असावी. ‘‘ताई, असं काही असतं तर लोकांनी सांगितलं नसतं का? मागच्या वर्षी सांगितलंच की.’’ आणि माझं समाधान व्हावं म्हणून, अगदी चांगल्या मनानं, तो अक्कापुढे जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, ‘‘अक्का, मधल्या गंजीत काही आहे का?’’

मुकादम भाकरी मोडत होता. त्यानं मान वर केली नाही.

‘‘काही नई, शेठ,’’ अक्का म्हणाली. ‘‘बठ्ठं चांगलं शे.’’

तो माझ्याकडे वळून हसला. बघा, झालं ना समाधान?

मी त्याच्याशी वाद घातला नाही. साडीचा पदर खोचला आणि सरळ गंजीकडे निघाले. मागून तो ‘‘ताई, ताई’’ करत होता. जवळ गेल्यावर सुद्धा काही नव्हतं. पांढरा, मऊ, गार कापूस, नुकत्या घातलेल्या अंथरुणासारखा. मी हात आत घातला. कोपरापर्यंत गार. मग खांद्यापर्यंत खुपसला, गाल कापसाला टेकला. आणि बोटांच्या टोकाला ते लागलं. तापानं फणफणलेल्या लेकराच्या अंगासारखं गरम. हात मागे ओढला तर त्या भोकातून एक बारीक, करपट, गोडूस वास आला, भाजल्या वांग्याच्या वासात सहज मिसळून जाईल असा. तोच वास मला आल्यापासून येत होता आणि मी तो भरताचा समजत होते.

मी जीव खाऊन ओरडले, ‘‘आग!’’

पुढचं जे झालं त्याची मला आगीपेक्षा जास्त भीती वाटली. कोणी दचकलं नाही. कोणी काय, कुठे, असं विचारलं नाही. सगळी पंगत एकदम उठली, जणू तेवढ्याच शब्दाची वाट बघत होती. भिंतीमागून भरलेले ड्रम निघाले. पाण्याचा पाइप आधीच जोडून, गुंडाळून, गोणपाटाखाली ठेवलेला. ओली पोती, फावडी, सगळं जागच्या जागी. कोण कुठे उभं राहणार हेही ठरलेलं. बाया हातांनी खुणा करत होत्या आणि माणसं त्याप्रमाणे हलत होती. आवाज फक्त पाण्याचा आणि फावड्यांचा. गंज फोडली तेव्हा आतला कापूस काळा पडून धुमसत होता आणि वाऱ्याला लागताच भडकला, पण त्यांनी तो दाबला. अर्धी गंज गेली. माणूस एकही भाजला नाही. मुकादम कधी सटकला ते कोणी पाहिलं नाही.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. किती दिवसांपासून, देव जाणे. पोरं गावी धाडली, पाणी भरून ठेवलं, पंगत लांब मांडली. सगळी तयारी केली. फक्त त्याला सांगितलं नव्हतं.

तो मधोमध उभा होता, भरताची बादली तशीच हातात. तोंडावर काजळी, पायात चिखल. आजूबाजूला माणसं निमूट फावडी धूत होती. त्यानं खिशातून फोन काढला, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा खिशात ठेवला. बंद केला की नाही, मला दिसलं नाही. मग त्यानं सगळ्यांकडे बघून विचारलं, पहिल्या दिवशी माझ्या ओसरीवर विचारलं होतं तसंच, रडवेल्या आवाजात.

‘‘मला का नाही सांगितलं?’’

सगळ्यांनी माना खाली घातल्या, पंगतीत शेजारी बोलत असताना घालतात तशा. अक्का पुढे आली. तिनं एक स्वच्छ ताट आणून त्याच्या हातात दिलं, त्याच्या हातातली बादली काढून घेतली, ओगराळंभर भरीत त्याला वाढलं आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली.

‘‘आखो वाढू का, शेठ?’’